बाटलीतील पाणी आणि विहिरीतील पाणी
डहाणू व तलासरी तालुक्यांच्या संदर्भात पाणी तपासणीतील चुकांचा विचार

ग्रामपंचायतीच्या कार्यालयात येणाऱ्या कागदांपैकी पाणी तपासणीचा अहवाल हा बहुधा सर्वांत थोड्या वेळात वाचून होणारा कागद असावा. त्यावर विहिरीचे नाव असते, तारीख असते आणि शेवटी ‘पिण्यास योग्य’ अथवा ‘पिण्यास अयोग्य’ असे दोन शब्द असतात. सरपंच ते दोन शब्द वाचतात, ग्रामपंचायत अधिकारी कागद फाईलला लावतात आणि विषय संपतो. वस्तुतः तो अहवाल विहिरीविषयी काहीच सांगत नाही. प्रयोगशाळेत पोहोचलेल्या एका बाटलीतील पाण्याविषयी तो सांगतो. विहिरीतील पाणी आणि त्या बाटलीतील पाणी एकच आहे, हे आपण गृहीत धरतो. हे गृहीत कोठे कोठे चुकू शकते, याची माहिती पंचायत सदस्य, शिक्षक आणि क्षेत्रीय कर्मचारी यांना असणे अगत्याचे आहे.

पालघर जिल्ह्यातील डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांत या प्रश्नाला विशेष धार आहे. पश्चिमेस घोलवड-बोर्डीची चिकूच्या वाड्यांची किनारपट्टी, आणि लोहमार्ग ओलांडून पूर्वेस जावे तो काळ्या खडकाच्या टेकड्यांवर विखुरलेले वारली, कोकणा, धोडिया बांधवांचे पाडे, अशी ही भूमी आहे. चार महिने येथे धो धो पाऊस पडतो आणि फाल्गुन उलटला की ओहोळ कोरडे पडू लागतात. एका ग्रामपंचायतीत अनेक पाडे, आणि पाड्यागणिक पाण्याची सोय निराळी: एखाद्या ठिकाणी नळ, एखाद्या ठिकाणी हातपंप, तर कोठे एकच विहीर. अशा एकुलत्या विहिरीचा अहवाल चुकीने ‘योग्य’ आला तर पहिल्या पावसात पाड्यावर हगवण येते. चुकीने ‘अयोग्य’ आला, आणि विहीर बंद करण्यात आली, तर स्त्रिया हंडे घेऊन ओहोळाच्या पात्रातील झिऱ्यावर जातात. त्या झिऱ्याचे पाणी कोणीच तपासलेले नसते. म्हणजे चूक कोणत्याही बाजूची असो, तिची किंमत पाड्यालाच मोजावी लागते.

काही वर्षांपूर्वी डहाणूच्या पूर्व भागातील एका पाड्यावर नमुना घेतला जात असताना प्रस्तुत लेखकास उपस्थित राहण्याचा योग आला. जलसुरक्षक तरुण होता, कामात तत्पर होता. प्रयोगशाळेने दिलेली बाटली त्याने हातात घेतली, विहिरीच्या पाण्याने दोनदा स्वच्छ विसळली, पोहऱ्याने पाणी काढून काठोकाठ भरली आणि झाकण घट्ट लावले. बाटली का विसळली, असे विचारता तो संकोचून म्हणाला, “साहेब, भांडे विसळल्याशिवाय पाणी कसे भरावे?” आपल्या घराघरांतील संस्कार त्याच्या तोंडून बोलत होता आणि त्याला दोष देणे जिवावर आले. परंतु त्या एका विसळण्याने नमुना निरुपयोगी झाला होता. पुढे बोलता बोलता कळले की पाहुणे येणार म्हणून त्याच सकाळी विहिरीत टीसीएल पावडरही टाकण्यात आली होती. यथावकाश अहवाल ‘योग्य’ आला.

या प्रसंगात काय घडले ते समजण्यासाठी प्रयोगशाळा नेमके काय शोधते हे थोडक्यात पाहू. पटकी, विषमज्वर, अतिसार यांचे जंतू पाण्यात प्रत्यक्ष शोधणे खर्चाचे व वेळखाऊ असते. म्हणून माणसांच्या व जनावरांच्या आतड्यांत नित्य राहणारे ‘ई. कोलाय’ आणि त्यांच्या वर्गातील अन्य जीवाणू शोधण्यात येतात. ते सापडले तर विष्ठा पाण्यापर्यंत पोहोचली असे समजावयाचे. भारतीय मानक १०५००, सन २०१२, यानुसार पिण्याच्या १०० मिलीलिटर पाण्यात ई. कोलाय अथवा उष्णता सहन करणारे कोलिफॉर्म जीवाणू मुळीच आढळता कामा नयेत. शून्य हे मानक दिसावयास सोपे आहे. पण शून्य सिद्ध करणे हे मोजमापाच्या शास्त्रातील सर्वांत अवघड काम होय.

बाटली आणि क्लोरीन

प्रयोगशाळेची बाटली केवळ धुतलेली नसते. ती निर्जंतुक केलेली असते, आणि क्लोरीन घातलेल्या पाण्यासाठी तिच्या तळाशी सोडियम थायोसल्फेट या क्षाराचा अल्पसा अंश ठेवलेला असतो. १२० मिलीलिटरच्या बाटलीस ३ टक्के द्रावणाचा ०.१ मिलीलिटर इतका तो अंश असतो. नमुना भरल्याबरोबर पाण्यातील उरलेला क्लोरीन तो निष्प्रभ करतो. हा क्षार नसेल तर प्रवासाच्या सर्व काळात बाटलीतील क्लोरीन जीवाणूंना मारीत राहतो. विहिरीवर घागर भरणाऱ्या बाईच्या पाण्यात जे जीवाणू जिवंत होते ते प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत मेलेले असतात. बाटली विसळली की हा क्षार वाहून जातो, आणि निर्जंतुकपणाही जातो. एकाच कृतीने दोन परस्परविरोधी चुका घडतात, आणि त्यांपैकी कोणती वरचढ ठरेल हे सांगता येत नाही.

टीसीएल टाकल्यावर लगेच घेतलेल्या नमुन्याची गोष्ट आणखी वेगळी. तो नमुना खोटा नसतो, पण तो फक्त त्या सकाळचा असतो. म्हणून नमुन्यासोबतच्या चिठ्ठीवर टीसीएल केव्हा टाकली आणि ओ. टी. चाचणीत पिवळी छटा आली किंवा नाही, या दोन गोष्टी लिहिल्या पाहिजेत. त्या नसल्यास ‘योग्य’ हा शेरा विहिरीच्या शुद्धतेचा की पावडरीच्या गुणाचा, याचा उलगडा वाचणाऱ्यास होत नाही.

बाटली काठोकाठ भरणे ही तिसरी सवय. वर सुमारे अडीच सेंटिमीटर जागा मोकळी राहिली पाहिजे, म्हणजे तपासणीपूर्वी बाटली हलवून पाणी एकजीव करता येते. जीवाणू पाण्यात साखरेसारखे विरघळलेले नसतात. ते गाळाच्या कणांना चिकटून, पुंजक्यांनी राहतात आणि उभ्या ठेवलेल्या बाटलीत तळाशी बसतात. नळाचा नमुना घेताना दोन-तीन मिनिटे पाणी वाहू द्यावे, तोटीचे तोंड ज्योतीने तापवून घ्यावे. विहिरीचा नमुना घेताना मात्र प्रश्न पडतो. निर्जंतुक दोरीने बाटली थेट पाण्यात सोडली तर विहिरीचे पाणी कळते. पाड्याच्या रोजच्या पोहऱ्याने काढले तर लोक प्रत्यक्षात पितात ते पाणी कळते, कारण तो पोहरा जमिनीवर ठेवलेला असतो आणि दिवसभर अनेक हातांतून फिरलेला असतो. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. आपण कोणता विचारला हे चिठ्ठीवर नमूद असले म्हणजे झाले.

पाड्यापासून प्रयोगशाळेपर्यंत

नमुना शक्यतो सहा तासांच्या आत आणि थंड ठेवूनही फार तर चोवीस तासांच्या आत तपासणीस लागावा, हा सर्वमान्य नियम आहे. तलासरीच्या आतल्या पाड्यावरून सकाळी निघालेली बाटली आधी दुचाकीवर, मग आरोग्य केंद्राच्या गाडीत असा प्रवास करीत जाते. एप्रिल-मे महिन्यांतील उन्हात बंद डिकीतील बाटलीचे काय होते? गढूळ, अन्नांशयुक्त पाण्यात जीवाणू वाढतात. अगदी स्वच्छ पाण्यात ते उपासमारीने मरतात. म्हणजे वाईट विहीर अधिक वाईट दिसते आणि मध्यम विहीर चांगली दिसते. उपाय बर्फाची पेटी हाच आहे. किनाऱ्यावरील गावांत मासळीसाठी बर्फ मिळतो, पूर्वेकडे तो सहजासहजी मिळत नाही. मिळालाच तर आणखी एक खबरदारी घ्यावी लागते. मासळीचा बर्फ निर्जंतुक नसतो. वितळलेल्या पाण्यात बाटलीचे तोंड बुडाले तर ते पाणी झाकणाच्या फटीतून आत शिरते. बर्फ वेगळ्या पिशवीत बांधावा आणि बाटल्या उभ्याच ठेवाव्यात.

चिठ्ठीचा उल्लेख वर आलाच आहे. या भागात ‘पाटीलपाडा’ हे नाव एकाहून अधिक गावांत आढळते. केवळ ‘पाटीलपाडा, सार्वजनिक विहीर’ एवढेच लिहिलेली बाटली प्रयोगशाळेत बिनचूक तपासली जाईल आणि अहवाल भलत्याच पाड्याला जाईल. ही चूक सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी नव्हे. गाव, पाडा, उद्भवाचा क्रमांक, तारीख आणि वेळ शिसपेन्सिलीने लिहिलेली असावीत, कारण बर्फाच्या ओलाव्याने शाई पसरते.

दूषितता बाहेरून शिरली की मुळातच होती, हा वाद किती दूर जाऊ शकतो याचे एक उदाहरण मुंबईशी निगडित आहे. डॉ. वाल्डेमार हाफकिन यांची प्लेगची लस परळच्या प्रयोगशाळेत तयार होत असे. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल गावी ती १०७ जणांना टोचण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतून लस दिलेले १९ जण धनुर्वाताने मरण पावले. बाटली परळलाच दूषित झाली असा ठपका हाफकिन यांच्यावर आला आणि त्यांना आपले पद गमवावे लागले. पुढे असे दिसून आले की गावात बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता. हाफकिन निर्दोष ठरले ते १९०७ साली. त्या काळी कोऱ्या बाटलीची पद्धत असती तर एवढी वर्षे गेली नसती, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

कोरी बाटली म्हणजे प्रयोगशाळेतूनच निर्जंतुक पाणी भरून आणलेली बाटली. ती विहिरीवर न्यावी, नमुना घेताना तेवढाच वेळ उघडून बंद करावी आणि इतर बाटल्यांसोबत परत पाठवावी. तिच्यात जीवाणू निघाले तर दोष विहिरीचा नसून हातांचा, हवेचा अथवा वाहतुकीचा, हे एका दृष्टिक्षेपात कळते. दर दहा-वीस नमुन्यांमागे अशी एक बाटली पाठविणे खर्चाच्या दृष्टीने नगण्य आहे.

शून्याचा अर्थ

समजा, सर्व काही नियमानुसार पार पडले. तरी एक चूक उरतेच, आणि ती कोणाच्याही निष्काळजीपणाची नसते. विहिरीच्या पाण्यात दर १०० मिलीलिटरमागे सरासरी एक जीवाणू आहे असे मानू. हे पाणी मानकाप्रमाणे अयोग्य आहे. त्यातून १०० मिलीलिटर काढले असता त्यात एकही जीवाणू नसण्याची शक्यता गणिताप्रमाणे सुमारे ३७ टक्के येते. शंभर बाटल्यांपैकी ३७ बाटल्या बिनदिक्कत ‘योग्य’ ठरतील. जीवाणू पुंजक्यांनी असतील तर हे प्रमाण आणखी वाढेल. वर्षातून दोन वेळा, पावसाळ्यापूर्वी व नंतर, जीवाणू तपासणी करावी असे जल जीवन मिशनच्या मार्गदर्शनात आहे. दोन बाटल्यांवरून ३६५ दिवसांचा निर्वाळा देणे किती नाजूक आहे हे यावरून ध्यानात यावे.

जेथे अहवालात संख्या दिलेली असते तेथेही ती तोलूनमापून घ्यावी. ‘संभाव्यतम संख्या’ या पद्धतीत १०, १ आणि ०.१ मिलीलिटर पाणी प्रत्येकी तीन नळ्यांत घालून किती नळ्यांत आम्ल व वायू तयार होतो ते पाहतात. पहिल्या तिन्ही, दुसऱ्यांपैकी एक आणि तिसऱ्यांपैकी एकही नाही, असा निकाल आला तर कोष्टक सांगते ४३. पण त्याच कोष्टकात पुढे विश्वासाची मर्यादा दिलेली असते, ती सुमारे ९ ते १८० अशी. म्हणून गेल्या वर्षी ४३ आणि यंदा ९३ आले म्हणजे विहीर दुपटीने बिघडली, असा ठराव ग्रामसभेत करण्यात अर्थ नाही.

जुलै महिन्यातील गढूळ पाण्याने आणखी अडचण होते. बारीक छिद्रांच्या पटलातून पाणी गाळून जीवाणू मोजण्याची जी पद्धत आहे, तीत गाळाने छिद्रे बुजतात आणि एका कणावर बसलेले शंभर जीवाणू तबकडीवर एकच ठिपका म्हणून उगवतात. उलट, उष्ण प्रदेशात केवळ मातीत व पालापाचोळ्यात वाढणारे कोलिफॉर्मही असतात. हवाई बेटांवरील ओहोळांत व मातीत तर ई. कोलायसुद्धा मानवी मैल्याशिवाय टिकून असल्याचे तेथील संशोधकांना आढळले. यास्तव केवळ ‘एकूण कोलिफॉर्म’ आढळल्याच्या बातमीने घाबरून न जाता ई. कोलायची खातरजमा मागवावी.

काळी पडणारी कुपी

तारा मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीत सुरू केलेले कार्य १९५७ साली कोसबाडच्या टेकडीवर नेले. मुले शाळेत येत नाहीत तर शाळाच मुलांच्या अंगणात न्यावी, हा विचार तेथे रुजला. पाणी तपासणीच्या बाबतीत असाच विचार १९८२ साली ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतील मांजा, मौर्य व राव या शास्त्रज्ञांनी मांडला. त्यांची हायड्रोजन सल्फाइड कुपी आज गावोगावच्या तपासणी संचात असते, आणि गावातील पाच महिलांना या संचाचे प्रशिक्षण देण्याची तरतूद जल जीवन मिशनमध्ये आहे. कुपीत औषध लावलेला कागद असतो. तीत पाणी खुणेपर्यंत भरून ठेवावयाचे. ते काळे पडले तर विष्ठाजन्य दूषिततेचा संशय घ्यावयाचा.

साधन उत्तम आहे, पण त्याचे स्वभाव जाणून घ्यावे लागतात. जीवाणूंची वाढ होण्यास ३० ते ३७ अंश उष्णता हवी. डिसेंबरातील रात्री पाड्यावरच्या कुडाच्या घरात तेवढी ऊब नसते, कुपी उशिरा काळी पडते आणि सकाळी पाहणारी भगिनी ‘चांगले’ अशी नोंद करते. थंडीत ४८ तासांपर्यंत पाहावे. काही खोल कूपनलिकांच्या पाण्यात मुळातच गंधकाचा वायू असतो, त्यास कुजक्या अंड्यासारखा वास येतो. तेथे कुपी जीवाणूंशिवायही, आणि भरल्यावर लवकरच, काळी पडते. शिवाय पुष्कळ कुप्यांत अवघे २० मिलीलिटर पाणी मावते. १०० मिलीलिटरला पाच जीवाणू असलेल्या पाण्याचीही अशी कुपी शंभरांत ३७ वेळा कोरी राहू शकते. म्हणून एका विहिरीस एक कुपी न लावता पाच लावाव्यात. पाचही कोऱ्या राहण्याची शक्यता मग एक टक्क्याहूनही कमी उरते.

न दिसणारे जीव

ई. कोलाय नाही म्हणजे धोका नाही, असेही नव्हे. १९५५ च्या अखेरीस दिल्लीत यमुनेच्या पाणीपुरवठ्यात मैला शिरला. कर्मचाऱ्यांनी क्लोरीनची मात्रा वाढविली आणि जीवाणू आटोक्यात राहिले. परंतु काविळीचा विषाणू त्या मात्रेस पुरून उरला आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. जीवाणू क्लोरीनने लवकर मरतात, काही विषाणू व परजीवी मरत नाहीत.

पाण्यातील सर्वच सूक्ष्म जीवांची गणती करावयाची तर अडचणी आणखी वाढतात. निसर्गातील पाण्यात सूक्ष्मदर्शकाखाली जेवढे जीवाणू दिसतात, त्यांच्या शंभरातील एकही बहुधा तबकडीवर वाढत नाही. म्हणून अलीकडे पाण्यातील डीएनए वाचून जीवांची यादी करण्यात येते. मात्र डीएनए मेलेल्या जीवाचाही वाचला जातो. शिवाय, २०१४ साली इंग्लंडमधील संशोधकांनी दाखवून दिले की तपासणीच्या रसायनांतच परके डीएनए असतात, आणि नमुन्यात जीव थोडे असतील तर रसायनांतीलच जीव पाण्याचे म्हणून नोंदले जातात. येथेही उपाय तोच, कोरी बाटली. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर जून २०२० मध्ये गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने ते खारप्रिय आर्किया या सूक्ष्म जीवांमुळे झाल्याचे शोधून काढले. तेथे एक लक्षणीय गोष्ट दिसली. नमुना काही दिवस तसाच ठेवला असता जीव तळाशी बसले आणि पाणी रंगहीन झाले. वरचेवर पाणी घेऊन तपासले असते तर गुलाबी सरोवरात काहीच सापडले नसते.

अहवाल हाती आल्यावर

राज्यात ग्रामपंचायतींना स्वच्छता सर्वेक्षणावरून लाल, पिवळी वा हिरवी कार्डे देण्यात येतात. विहिरीस कठडा आहे काय, सांडपाणी कोठे मुरते, शोषखड्डा किती अंतरावर आहे, जनावरे कोठे पाणी पितात, हे त्यात पाहिले जाते. प्रयोगशाळेचा अहवाल आणि हे सर्वेक्षण शेजारी ठेवून वाचावे. कठडा फुटलेला, शेजारी डबके, आणि अहवाल मात्र ‘योग्य’, असे असेल तर डोळ्यांवर विश्वास ठेवावा आणि जूनच्या पहिल्या दोन-तीन सरींनंतर नमुना पुन्हा घ्यावा. काळ्या खडकाच्या भेगांतून पाणी त्या दिवसांत वेगाने खाली उतरते आणि विहिरीचा खरा स्वभाव तेव्हाच कळतो. येथील प्राथमिक शिक्षकांना हे काम सहज जमण्यासारखे आहे. वर्गातील मुलांकडून गैरहजेरीचे कारण विचारून हगवणीच्या नोंदी तारखेनिशी ठेवल्या, तर कोणत्या पाड्याचा अहवाल पुन्हा मागवावा हे त्या वहीवरून कळू शकेल.

विहीर चांगली राखलेली आणि अहवाल ‘अयोग्य’, असे असेल तरी अहवाल खरा मानूनच वागावे. त्याच दिवशी टीसीएल टाकून अर्ध्या तासाने ओ. टी. चाचणी घ्यावी, लहान मुलांसाठी पाणी उकळून घेण्यास घरोघर सांगावे आणि न विसळलेल्या दोन बाटल्या व एक कोरी बाटली तपासणीस पाठवावी. या मुदतीत विहीर मात्र बंद करू नये. क्लोरीन घातलेल्या संशयित विहिरीपेक्षा ओहोळातील झिरा अधिक धोक्याचा आहे, आणि विहिरीस कुलूप लागले की हंडे तिकडेच वळतात.